आईला बँक शिकवायची आहे, सुरुवात कुठून करू?

मुग्धा_वाचते | १० जानेवारी, रात्री ११:४०

बाबा ऑगस्टमध्ये गेले. दिवसकार्य, दाखले, पेन्शनचे कागद यात पुढचे महिने कसे गेले कळलं नाही. आता जरा उसंत मिळाल्यावर लक्षात आलं की आईला (वय ६४) बँकेतलं काही येत नाही. काही म्हणजे काहीच नाही. बाई हिशोबाला पक्की आहे. भिशीची वही पंधरा वर्षं तिच्याकडे होती, एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. पण बँक म्हणजे "ह्यांचं काम". सही कुठे करू एवढं विचारायची आणि करायची.

परवा कपाट आवरताना पाच पासबुकं निघाली, तीन बँकांची. एकातली शेवटची एंट्री २०१७ची. दोन ठेवपावत्या निघाल्या, त्यातल्या एकीची मुदत गेल्या मार्चमध्येच संपलेली. आई म्हणाली, "आता तूच बघ, बाबा बघायचे तसं."

मी दुसऱ्या शहरात राहते. ॲपवरून सगळं बघू शकते, अवघड नाही. पण मला ते करायचंच नाहीये. स्वतःच्या पैशासाठी तिने मला फोन करायचा, हेच मला खटकतं.

तर प्रश्न असा की पहिला धडा कोणता? पासबुक, एटीएम, चेक की थेट मोबाईल? भाऊ म्हणतो युपीआय शिकव, बाकीचं सगळं जुनं झालं. मला तसं वाटत नाही, पण का ते सांगताही येत नाही. तुमच्या घरी कसं केलंत ते लिहा.

टिवल्याबावल्या | १० जानेवारी, रात्री ११:५२

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे बायकोने मला शिकवायची वेळ आहे.

जुना_खजिनदार | ११ जानेवारी, सकाळी ७:१५

मुग्धाताई, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली अकरा कॅश काउंटरवर. धड्याचं नंतर बघू. आधी दोन कामं करा, ती थांबणारी नाहीत.

पहिलं काम बाबांच्या सिमचं. ते बंद पडू देऊ नका. बँकेचे मेसेज आणि ओटीपी त्याच नंबरवर जात असणार. ९० दिवस वापर नसला की कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तोच नंबर भलत्याच माणसाला मिळतो. सगळ्या खात्यांवर आईचा नंबर लागेपर्यंत रिचार्ज चालू ठेवा.

दुसरं, पाचही पासबुकांचं पहिलं पान उघडा. नावं कोणत्या क्रमाने आहेत आणि खाली काय छापलंय ते बघा. "ईदर ऑर सर्व्हायवर" असेल तर दोघांपैकी कुणीही व्यवहार करू शकत होतं आणि आता आई एकटीने करू शकते. मृत्यूचा दाखला आणि आपली केवायसी देऊन बाबांचं नाव कमी करून घ्यायचं, इतकंच. "फॉर्मर ऑर सर्व्हायवर" असेल तर आजवर फक्त पहिल्या नावाला हक्क होता, त्यांच्या माघारी दुसऱ्याला. नुसतं "जॉइंटली" असेल तर सर्व्हायवरचा प्रश्नच नाही, तिथे दावा दाखल करावा लागेल. आणि एकट्या बाबांचं खातं असेल तर नॉमिनी कोण ते बघा. नॉमिनीला ते खातं चालवता येत नाही, खातं बंद होऊन पैसे त्याच्या हाती येतात.

सर्व्हायवर किंवा नॉमिनी असताना बँकेने वारस दाखला मागायचा नसतो, आणि सगळे कागद मिळाल्यावर १५ दिवसांत निकाल लावायचा असतो. काउंटरवर कुणी घोळ घालायला लागलं तर शाखाधिकाऱ्यांना भेटा आणि "लेखी द्या" म्हणा. या दोन शब्दांत फार ताकद आहे, मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी अनुभवली आहे.

आणि हो, बाबांचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढत असाल तर आजच थांबवा. पिन माहीत असतो म्हणून सगळेच काढतात, पण पुढे दुसरा वारस विचारायला आला की उत्तर देता येत नाही.

मुग्धा_वाचते | ११ जानेवारी, सकाळी ९:०५

काका, खूप आभार. सिम चालू आहे. बाबांचा फोन आई अजून रोज रात्री चार्जिंगला लावते.

कार्डाबद्दल... दोनदा काढलेत पैसे. दिवसांच्या खर्चाला. आता नाही.

पासबुकं फोटो काढून बघितली. तीन ईदर ऑर सर्व्हायवर, एक फक्त बाबांचं (नॉमिनी आई) आणि २०१७चं एकटीच्या आईच्या नावावर आहे! तिला आठवतच नव्हतं. म्हणे, "कसलं तरी अनुदान येणार होतं म्हणून उघडायला लावलं होतं."

बिनधास्त_बंड्या | ११ जानेवारी, सकाळी ९:३०

तुमच्या भावाशी सहमत. पासबुक, स्लिपा, चेक ही सगळी म्युझियममधली वस्तू आहे. माझी आई ६८ची, भाजीवाल्यापासून रिक्षापर्यंत सगळीकडे स्कॅन करते. तीन दिवसांत शिकली. जे रोज लागतं ते आधी शिकवा. पोहायला शिकवताना आधी पाण्याचं रसायनशास्त्र सांगतो का आपण?

अनघा_ज | ११ जानेवारी, दुपारी १२:१०

बंड्या, आमच्या सासूबाईही तीन दिवसांत शिकल्या. चौथ्या महिन्यात ४८ हजार गेले.

जुनं कपाट विकायची जाहिरात टाकली होती. फोन आला, गिऱ्हाईक अगदी गोड बोलणारं. "आजी, पैसे पाठवतोय, तुमच्या मोबाईलवर येईल ते मंजूर करा आणि पिन टाका." त्यांनी टाकला. दोनदा टाकला, कारण "पहिल्यांदा आले नाहीत".

त्यांना स्कॅन करायला येत होतं, पैसे पाठवायला येत होतं. पैसे यायला पिन लागतच नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेलेच, हे एकच वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. चूक आमची.

रडापडीत अर्धा तास गेला, मग नवऱ्याने १९३० ला फोन केला. पुढच्या खात्यात पडून असलेले ३१ हजार गोठवता आले. ते परत मिळायला सात महिने लागले. उरलेले गेले ते गेले. बँकेने स्पष्ट सांगितलं की पिन तुम्हीच टाकलाय. तेव्हा पोहण्याचंच म्हणाल तर आधी पाणी किती खोल आहे तेवढं तरी सांगावं.

बिनधास्त_बंड्या | ११ जानेवारी, दुपारी १२:४०

वाईट झालं. पण मग रिक्षाने अपघात होतो म्हणून रिक्षात बसायचं नाही का? आणि माणसामाणसातली ती "पैसे मागण्याची" रिक्वेस्ट युपीआयवर १ ऑक्टोबर २०२५पासून बंदच केली आहे.

अनघा_ज | ११ जानेवारी, दुपारी १२:५५

ती बंद झाली, गोड बोलणारे बंद झाले नाहीत. आता क्यूआर पाठवून "स्कॅन करा, पैसे येतील" म्हणतात.

रिक्षात बसायचंच. पण घरातले सगळे दागिने अंगावर घालून नाही. आम्ही आता सासूबाईंचं युपीआय वेगळ्या खात्याला जोडलंय. त्यात दर महिन्याला पाच हजार टाकतो. ठेवी आणि पेन्शनच्या खात्याला मोबाईलवरून हातच लागत नाही.

बिनधास्त_बंड्या | ११ जानेवारी, दुपारी १:०२

हे मान्य. एकदम मान्य. आजच आईचं करतो.

टिवल्याबावल्या | ११ जानेवारी, दुपारी १:१०

धाग्यावर कुणीतरी कुणाचं तरी पटलं म्हणालं. तारीख लिहून ठेवा.

सुधामावशी६१ | ११ जानेवारी, रात्री ९:२०

मुग्धा, मी तुझ्या आईच्याच जागी होते, म्हणून लिहिते. मोबाईलवर मराठी टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

हे गेले तेव्हा मी पन्नाशीची. मुलगा म्हणाला मी बघतो. दोन वर्षं त्याने बघितलं आणि चांगलं बघितलं. पण भाचीच्या लग्नात अकराशे द्यायचे की दोन हजार, हे मला त्याला विचारावं लागलं. तो म्हणाला, "दे की आई, त्यात काय विचारायचं!" त्याला कळलंच नाही मी का रडले.

मग मी ठरवलं. दर सोमवारी पासबुक घेऊन जायचं, एंट्री मारून आणायची आणि घरी येऊन एकेक ओळ माझ्या हिशोबाच्या वहीत उतरवायची. जी ओळ कळली नाही तिच्यासमोर फुली. पुढच्या सोमवारी फुल्या घेऊन बँकेत. पहिल्या महिन्यात चौदा फुल्या होत्या. काउंटरवरची मुलगी सुरुवातीला वैतागली, मग तिलाच मजा वाटायला लागली. "मावशी, आज किती?" म्हणायची.

सगळ्यात गोंधळ कशाने झाला सांगू? "नावे" या शब्दाने. छापलं होतं "नावे ५००", मला वाटलं माझ्या नावे म्हणजे मला मिळाले! नावे म्हणजे गेले आणि जमा म्हणजे आले, एवढं डोक्यात बसायला महिना गेला. तुझी आई भिशीची वही लिहायची ना? मग तिला हे पहिल्याच दिवशी सांग. हिशोब तिला येतोच, बँकेची भाषा तेवढी येत नाही.

पहिल्यांदा पैसे काढायला गेले तेव्हा भरणा स्लिप भरून दिली. तीन हजार. कॅशियर माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेवटी म्हणाला, "मावशी, द्या." मी म्हटलं, "तुम्ही द्या."

रश्मी_क | ११ जानेवारी, रात्री ९:४१

"तुम्ही द्या" 😂 मावशी, दंडवत.

सुधामावशी६१ | ११ जानेवारी, रात्री ९:५८

एक राहिलं. माझ्या फुल्यांत एक ओळ वीस रुपयांची होती आणि एक ४३६ची. दोन्ही मे महिन्यातल्या. विचारल्यावर कळलं की सरकारी विम्याचे हप्ते आहेत. वीसवाला अपघाताचा, ४३६वाला कुठल्याही कारणाने मृत्यू आला तरी लागू. दोन्ही दोन-दोन लाखांचे. कधीतरी कुठल्या कागदावर सही केली असणार.

मग मी नणंदेच्या घरी जाऊन तिच्या यजमानांचं पासबुक बघितलं. ते आजारपणात गेले होते, वय ५२. त्यात ४३६ची ओळ होती. तिला पत्ताच नव्हता. दावा केला, दोन लाख मिळाले. तेव्हा मुग्धा, बाबांच्या पासबुकातल्या मेच्या ओळी बघ.

जुना_खजिनदार | १२ जानेवारी, सकाळी ६:५०

सुधाताई, तुमच्यासारखा खातेदार मला नोकरीत भेटला असता तर मी घाबरलो असतो. आदराने म्हणतोय.

थोडी भर. ४३६ची योजना ५५ वर्षांपर्यंतच चालते, त्यामुळे मुग्धाताईंच्या बाबांची ती नसणार. वीसवाली ७० पर्यंत असते, पण फक्त अपघाताला. आईच्या खात्यातून वीस कापले जात असतील तर चालू राहू द्या.

आता २०१७च्या पासबुकाचं. दोन वर्षं खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं तसंच राहिलं की पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जातात. तुमचं २०१७चं, म्हणजे अजून बँकेतच आहेत. निधीत गेले असते तरी बुडत नाहीत, बँकेकडेच अर्ज करून कधीही मागता येतात. जुनी विसरलेली खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, २०२३मध्ये सुरू झालं. बाबांचं नाव टाकून एकदा बघाच. आमच्या पिढीची सवय, बदली झाली की नव्या गावात नवं खातं आणि जुनं तसंच.

आईने केवायसीचे कागद देऊन अर्ज केला की खातं पुन्हा चालू होतं. त्याला फी नाही. निष्क्रिय काळात किमान शिल्लक नव्हती म्हणून दंडही लावता येत नाही, एप्रिल २०२४पासून तसा नियम आहे. हे खातं आईने स्वतःच जाऊन चालू करावं असं मला वाटतं. तिचंच आहे, कुणाचा दाखला लागत नाही, सरावाला छान.

काडीमास्तर | १२ जानेवारी, सकाळी १०:०५

एवढा उपद्व्याप कशाला? सगळ्या ठेवी मोडा, मुलीच्या खात्यात टाका, आईला महिन्याचे महिन्याला पैसे द्या. आई खूश, मुलगी खूश.

रश्मी_क | १२ जानेवारी, सकाळी १०:२०

आणि भाऊ? आणि उद्या मुलीचं नवऱ्याशी बिनसलं तर? आणि आईला "महिन्याचे महिन्याला द्या" हे वाक्य स्वतःच्या पैशाबद्दल? आयडीचं नाव बघूनच उत्तर द्यायला नको होतं.

काडीमास्तर | १२ जानेवारी, सकाळी १०:२२

😇

रश्मी_क | १२ जानेवारी, सकाळी ११:००

विषय निघालाच आहे तर नॉमिनीबद्दल. नॉमिनी म्हणजे मालक हा गैरसमज माझ्या माहेरी दोन काकांचं बोलणं बंद करून गेला. आजोबांच्या ठेवीवर धाकट्या काकांचं नाव नॉमिनी होतं. बँकेने पैसे त्यांना दिले, बरोबरच केलं. काका म्हणाले, बाबांनी मलाच दिलेत. पण बँकेच्या दृष्टीने नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा माणूस. त्यावर हक्क कुणाचा, ते मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. चार भावंडांचे पैसे होते. मोठ्या काकांनी वकिलाची नोटीस पाठवली आणि पुढची दिवाळी दोन घरांत झाली.

१ नोव्हेंबर २०२५पासून ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहून. भांडणं थांबतील असं नाही, पण निदान सुरुवात तरी बरी होईल.

सहकारी_सभासद | १२ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

तीन बँका, पाच खाती म्हणताय. सगळे सांगतील की एकाच बँकेत आणा. मी वेगळं सांगतो.

आमचे पैसे एका सहकारी बँकेत होते. शाखा घरासमोर, कर्मचारी ओळखीचे, व्याज अर्धा टक्का जास्त. एका सकाळी शटरवर कागद लागला. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध. वडिलांचं ऑपरेशन ठरलेलं आणि स्वतःच्याच खात्यातून पैसे काढता येईनात. ती रांग आठवली की अजून पोटात गोळा येतो. रांगेत भांडण नव्हतं की आरडाओरडा, सगळे नुसते कागद वाचत होते.

तेव्हा शिकलो ते सांगतो. ठेवींना विमा असतो, दर माणशी दर बँकेत पाच लाखांपर्यंत. मुद्दल आणि व्याज धरून, त्या बँकेच्या सगळ्या शाखांतली खाती एकत्र मोजून. ४ फेब्रुवारी २०२०च्या आधी हा आकडा एक लाख होता. सरकारी, खासगी, सहकारी अशा सगळ्या बँकांना लागू आहे. पण पतसंस्थेला नाही! पाटी सारखीच दिसते, काउंटर सारखं, पासबुकसुद्धा सारखं. विमा मात्र नाही. आईच्या तीन "बँकांपैकी" एखादी पतसंस्था नाही ना, ते पावतीवर नीट वाचा.

जुना_खजिनदार | १२ जानेवारी, संध्याकाळी ७:१०

पाच लाखांचा मुद्दा बरोबर. पण त्यासाठी ६४ वर्षांच्या बाईला पाच बँकांत फिरवणंही बरोबर नाही. दोन बँका पुरे. जवळच्या शाखेत रोजचं खातं, दुसरीकडे ठेवी. बाकीची बंद.

सहकारी_सभासद | १२ जानेवारी, संध्याकाळी ७:२५

काका, तुम्ही काउंटरच्या आत होतात, मी शटरच्या बाहेर. तीन ठेवेन मी.

टिवल्याबावल्या | १२ जानेवारी, संध्याकाळी ७:४०

माझ्या सगळ्या खात्यांत मिळून विम्याच्या मर्यादेला धक्काही लागत नाही. गरिबीचे फायदे यावर वेगळा धागा काढू का?

चकोर_नवा | १३ जानेवारी, दुपारी ३:१५

अवांतर होतंय, पण विचारतो. चेक मराठीत लिहिला तर चालतो का? माझ्या आजीला इंग्रजी अक्षरं लिहिता येत नाहीत, म्हणून ती चेकबुकच घेत नाही.

जुना_खजिनदार | १३ जानेवारी, दुपारी ४:००

चालतो. आकडे, अक्षरी रक्कम, सही, सगळं मराठीत चालतं. अक्षरी रकमेपुढे "फक्त" लिहून उरलेल्या जागेवर रेघ मारायची, म्हणजे पुढे कुणी शब्द जोडू शकत नाही. डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारल्या की पैसे खात्यातच जमा होतात, काउंटरवर रोख मिळत नाही. चेक तारखेपासून तीन महिने चालतो, पूर्वी सहा होते. आणि कोरे चेक सह्या करून ठेवायचे नाहीत. आमच्या शाखेत एक आजी सगळं चेकबुक सही करून ठेवायच्या, "पुढेमागे हात थरथरला तर?" म्हणून. मन मोडवेना, पण सगळे रद्द करायला लावले.

सही मात्र जशी खात्यावर आहे तशीच. मराठी असेल तर मराठी. सही बदलत चालली असेल तर बँकेत जाऊन नवीन नमुना द्यावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

चकोर_नवा | १३ जानेवारी, दुपारी ४:२०

आजीला वाचून दाखवलं. म्हणाली, "चाळीस वर्षं कुणी सांगितलं नाही मेल्यांनी."

अनघा_ज | १४ जानेवारी, सकाळी १०:३०

मूळ प्रश्नाकडे येते. मुग्धा, तुझा मुलगा किती वर्षांचा? १ जुलै २०२५पासून दहा वर्षांच्या वरची मुलं स्वतःच्या सहीने बचत खातं उघडून चालवू शकतात, मर्यादा बँक ठरवते. आमच्याकडे सासूबाई आणि लेक एकत्र शिकल्या. मोठ्या माणसाला शिकवायला गेलं की त्याला ओशाळल्यासारखं होतं. नातवंडाला शिकवायच्या निमित्ताने आजी आपोआप शिकते.

दुसरं, त्या मुदत संपलेल्या पावतीचं लवकर बघ. आपोआप नूतनीकरण लिहिलं नसेल तर मार्चपासून तिला बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा दर, यातला जो कमी तोच मिळतोय.

मुग्धा_वाचते | १४ जानेवारी, रात्री १०:५०

मुलगा अकराचा. आजीकडे मेच्या सुट्टीशिवाय जाणं होत नाही, पण पुढच्या आठवड्यात जोडून सुट्टी आहे. दोघांना एकदमच बसवते.

पावती बघितली, "ऑटो रिन्यूअल: नाही". दहा महिने. बाबा मार्चमध्ये दवाखान्यात होते. त्या वेळी पावतीचा विचार कोण करणार.

पिंपळपान | १५ जानेवारी, सकाळी ८:४५

वाचनमात्र होते, आता लिहावंसं वाटलं. माझ्या आईला बँकेतून फोन आला, "केवायसी संपली, खातं आज बंद होईल." ती घाबरून ओटीपी सांगणार तेवढ्यात मी घरात शिरले. नंतर आम्ही फोनशेजारी कागद चिकटवला: "फोनवर बँक नाही." बँकेचं काही असेल तर पासबुक घेऊन तिथे जायचं, हाच नियम. खरा फोन असला तरी नाही. एकदा खऱ्या शाखाधिकाऱ्यांचा आला होता, त्यांनाही ऐकवलं.

जुना_खजिनदार | १५ जानेवारी, सकाळी ९:३०

उत्तम केलंत. खऱ्या शाखाधिकाऱ्याला राग येत नाही.

तरीही पैसे गेलेच तर १९३० ला फोन आणि त्याच दिवशी बँकेला लेखी कळवणं, दोन्ही करायचं. चूक ना बँकेची ना तुमची, तिसऱ्यानेच कुठून तरी घुसून नेले असतील, तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही, हा २०१७चा नियम आहे. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून घाई. आणि बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. फी नाही, वकील नाही.

मुग्धा_वाचते | ९ फेब्रुवारी, रात्री १०:१५

धागा वर काढते आहे. सगळ्यांनी इतकं लिहिलंत, तर काय झालं ते सांगायला हवं.

सुधामावशींची वही चालू केली. पहिल्या दिवशी मी आईला "नावे म्हणजे गेले" सांगितलं, तर म्हणाली, "ते मला ठाऊक आहे, पण मग हे लोक शिल्लक इतकी बारीक का छापतात?" लेकाने आजीला आयएफएससी कोडात (बँकेच्या शाखेचा ओळख-कोड) पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं हे सांगितलं, ते त्याला कुठून कळलं देव जाणे. तेव्हापासून आजी प्रत्येक पासबुकावर शून्य शोधते. एकावर कोडच नव्हता. सहकारी_सभासद, तुमची शंका खरी ठरली, ती पतसंस्था निघाली. वीस हजार होते, काढून घेतले.

२०१७चं खातं आईने एकटीने चालू केलं. मी बाहेर बाकावर बसले होते. आत पाऊण तास. बाहेर आली तेव्हा तोंडावर काही दिसेना. विचारलं तर म्हणाली, "तिसऱ्या खिडकीवाल्याला फॉर्म कुठला ते माहीत नव्हतं. त्याला सांगून आले." त्यात अकरा हजार चारशे होते. अनुदान आलं होतं बहुतेक, दोनदा. आता तेच तिचं युपीआयचं खातं करायचं ठरलंय. भाऊ खूश, पण स्कॅनिंग मार्चनंतर. आधी पासबुक पुरं कळू दे, असं आईचंच म्हणणं.

बाबांचं नाव तिन्ही खात्यांवरून कमी झालं. एके ठिकाणी वारस दाखला मागितला होता, काकांचे दोन शब्द वापरले. दहाव्या दिवशी काम झालं. त्या दिवशी मात्र नवीन पासबुक हातात घेऊन बराच वेळ गप्प होती. पहिल्या पानावर एकच नाव.

सुधामावशी६१ | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४०

जुनं पासबुक टाकू नकोस. मी ठेवलंय.

जुना_खजिनदार | १० फेब्रुवारी, सकाळी ६:४५

फार छान. नॉमिनी भरला का सगळीकडे?

मुग्धा_वाचते | १० फेब्रुवारी, सकाळी ९:२०

भरला. मी आणि भाऊ, निम्मे-निम्मे. फॉर्म तिने स्वतः भरला, मला बघूही दिला नाही.

काल सहज विचारलं, "आई, ठेवीचं व्याज जमा झालं का? शिल्लक किती आहे आता?" तर म्हणाली, "फोनवर बँक नाही."

पिंपळपान | १० फेब्रुवारी, सकाळी ९:२५

😂😂 कागद पोचला तर!